चौथ्या पिढीची गाडी

तेलगावच्या चौकात पवननं गाडीची काच तिसऱ्यांदा पुसली. उसाचा ट्रॅक्टर गेला की पांढऱ्या बोनेटवर धूळ बसायची आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. दहाला येतो म्हणालेलं गिऱ्हाईक साडेदहा झाले तरी आलं नव्हतं.

संभाजीनगरच्या शोरूममधून तो पहाटेच निघाला होता. काल साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "पवन, तीन महिन्यांत तुझ्या हातून एक गाडी गेली नाही. या महिन्यातही गेली नाही, तर पुढच्या महिन्यात येऊ नकोस." मग केबिनमध्ये बोलावून आवाज खाली आणला. "आणि पाडव्याला या गाडीची पाचवी पिढी येतेय, ते गिऱ्हाइकासमोर काढायचं नाही. आधी शिल्लक माल संपू दे."

नोकरी गेली की सगळंच मुसळ केरात. पालीला आई, सिंधुबाई, तीन वर्षं त्याच्यासाठी पोरगी शोधत होती. आत्ता कुठं माऊलीमामानं युसूफ वडगावचं एक स्थळ आणलं होतं. पोरगी शिकलेली, पुण्याला नोकरीला. आईनं मोबाईलवर पाठवलेला बायोडाटा पवननं अजून उघडलाही नव्हता. नोकरी टिकली तर फोटो बघायचा, नाहीतर उगाच कशाला जीव लावा!

आजचं गिऱ्हाईक मात्र आपल्या पायानं चालून आलं होतं. शोरूमला फोन करून त्यांनी "पवनलाच पाठवा" असं सांगितलं होतं. आपल्या जिल्ह्यातला पोरगा म्हणून मागितलं असेल, असं तो धरून चालला होता.

पावणेअकराला ते आले. शहादेवराव, कडक इस्त्रीचा सदरा, साठीचे. सोबत त्यांची बायको जानकीबाई. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. पवनच्या छातीवरचा दगड उतरला. गाडीपुढं फोडायला नारळ घेऊनच आलेत म्हणजे आता बघायला नको.

शहादेवराव पुढं बसले, जानकीबाई मागं. गाडी माजलगावच्या रस्त्याला लागली.

"गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

"पाली. बीडजवळची."

"घरी कोण कोण हाय?"

"आई आणि मी. वडील चार वर्षांमागं गेले."

"तंबाखू, गुटखा?" मागून जानकीबाईंनी विचारलं.

"नाही मावशी, कधीच नाही." सीटा खराब होतील म्हणून विचारत असतील. घ्यायच्या आधीच एवढी काळजी! पवननं मनातल्या मनात साहेबांना फोनही लावून टाकला.

"आता गाडीचं सांगा," शहादेवराव म्हणाले.

आणि पवन खुलला. विकणं त्याला जमायचं नाही, पण गाड्यांवर त्याचं खरं प्रेम. "काका, ही कंपनी आधी नुसत्या मोठ्या गाड्या बनवायची. मग छोटी काढली. पहिली पिढी उंच अन् आखूड, जेवणाच्या डब्यासारखी. लोक हसले. दुसऱ्या पिढीला रुंदी वाढवली, पण ठेवण तीच. मग तिसऱ्या पिढीला कंपनीनं जुनं सगळं बाजूला ठेवलं. गाडी बसकी केली, लांब केली, अन् तरणी पोरं तिच्यावर तुटून पडली. ही चौथी. हिला तोंडानं सांगितलं तरी एसी कमी करते."

त्यानं सांगितलं. एसी कमी झाला.

"आमच्या ह्यांच्यापरीस बरी की," जानकीबाई हसल्या. "सांगितलेलं ऐकती."

शहादेवरावही हसले. "मन लावून सांगताय. आवडलं मला." थोडं थांबून ते म्हणाले, "मंग पाचवी कधी येणार?"

पवननं उगाच आरशात बघितलं.

"आमच्या लेकीनं एवढंच इचारून या म्हणलंय. आमाला घाई न्हाई, थांबायचं तर थांबू. फकस्त खरं सांगा."

सांगावंसं वाटलं त्याला. अगदी ओठावर आलं. पण डोळ्यांसमोर साहेबांचा चेहरा आला, आणि त्यामागं तीन वर्षं पाहुण्यांच्या दारात ताटकळणारी आई.

"नाही काका. अजून तीन-चार वर्षं तरी काही नवीन नाही."

"नक्की?"

"आईची शपथ."

शब्द तोंडातून निसटले आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

शहादेवरावांनी बाहेरच्या कपाशीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "वळवा गाडी."

चौकात उतरल्यावर जानकीबाईंचा हात पिशवीत गेला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. शहादेवरावांनी नको म्हणून जरासं डोकं हलवलं. जानकीबाईंनी हात बाहेर काढला आणि पिशवीचे बंद आवळून घेतले.

"कळवतो," शहादेवराव एवढंच म्हणाले.

जानकीबाई मात्र दोन पावलं मागं आल्या. "जेवून जा रं बाळा. उपाशी दिसतोस."

पवन त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडं बघत राहिला. कुठं चुकलं? थोडं अजून सांगायला हवं होतं का? संध्याकाळी फोन करू, पुन्हा गळ घालू, असं ठरवून तो गाडीत बसतो तोच मोबाईल वाजला. आई होती. तिचा आवाज आनंदानं नुसता कापत होता.

"पवन, आत्ता माऊलीचा फोन आलता. वडगावचे पाहुणे आज गाडीच्या निमतानं तुलाच बघायला आलेत म्हणं तेलगावला! पोरगी पुण्याला तू इकतोस त्याच गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर हाय. पसंत पडलास तर तिथंच नारळ हातात देणार म्हणलेत. दिला ना रं त्यांनी?"