अक्षरी रक्कम

चौथी निनावी चिठ्ठी वाचून होताच तपासनीस बाईंनी केबिनचं दार लावून घेतलं.

पाणी कुठे मुरतंय ते आता उघड होतं. विद्यापीठात कधी पाऊलही न टाकलेल्या विद्यार्थ्यांच्या नावानं शिष्यवृत्त्या निघत होत्या आणि कुलगुरूंच्या मेहुण्याच्या खात्यात जाऊन पडत होत्या. बँकेचे उतारे चिठ्ठ्यांशी तंतोतंत जुळत होते. अडलं होतं एकाच ठिकाणी. लिहिणारा कोण? तो साक्षीला उभा राहिला तर कुलगुरू थेट तुरुंगात. त्याआधी त्याला कुणी गाठलं तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. मागच्या वर्षी असाच तोंड उघडू पाहणारा एक कारकून जिन्यावरून पडून मेला होता.

बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. हा माणूस त्यांना सगळ्यांच्या आधी सापडायला हवा होता.

चिठ्ठ्या टाइप केलेल्या. पण प्रत्येक आकड्यापुढे तीच रक्कम अक्षरांत, आणि शेवटी ‘मात्र’. पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून जन्मभर हातानं चेक लिहिणाऱ्याची ही खोड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. हिशेब विभागात हातानं चेक लिहिणारा एकच जण उरला होता, निवृत्तीला टेकलेला रोखपाल. सगळे त्याला काका म्हणत.

संध्याकाळी बाई त्याच्या घरी गेल्या. त्याची बायको पाणी ठेवून आत गेली. आधी त्यानं कानावर हात ठेवले. बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली आणि ‘मात्र’वर बोट ठेवलं. म्हातारा खाली बसला.

“कुंपणच शेत खातंय, मॅडम. किती दिवस गप्प बसायचं?”

“घाबरू नका, काका. आणखी कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगणार? हिलासुद्धा नाही. तिचं हृदय नाजूक आहे.”

कपाटातून त्यानं शिष्यवृत्त्यांच्या मूळ पावत्या आणल्या. नकला नव्हत्या, ते त्यानं आपणहून सांगितलं. पावत्या बाईंच्या हातात देताना त्याला रडू आलं, इतकं हलकं वाटलं त्याला. उद्या नेहमीसारखं कामावर या, कुणाला संशय नको, असं बजावून बाई निघाल्या.

गाडीत बसून त्यांनी काच वर केली. मग कुलगुरूंना फोन लावला.

“सापडला, सर,” त्या म्हणाल्या. “एकटाच आहे. बायकोलासुद्धा माहीत नाही.”