नीट दाब

मानोरा गावाजवळच्या, कापसातली सरकी काढायच्या एका जिनात माणूस कमी करायचा झाला की त्याच्याकडूनच राजीनामा लिहून घेत, म्हणजे पुढे कोर्टकचेरीची कटकट नको. त्रेपन्न सालच्या हंगामात हे काम हेडक्लार्क भगवंतरावांकडे होतं.

तांड्यावरचा रतनसिंग काही केल्या अंगठा देईना. "मी कायले राजीनामा देऊ? काढाचं अशीन तं तुमी काढा!"

भगवंतरावांनी त्याचं मनगट धरून पिरगाळलं. हाड कडकन वाजलं. शाईत बुडवलेला त्याचा अंगठा त्यांनीच कागदावर टेकवला आणि नेहमीसारखे खेकसले, "दाब. नीट दाब."

दुसऱ्या दिवशी शिपाई पुंजाजी चहा घेऊन आला तो बघतच राह्यला. "सायेब, तुमच्या मानेले शाई लागली."

आरशात पाहिलं तर ऐन कंठावर निळा अंगठा उमटला होता, रेघ अन् रेघ दिसत होती. त्यांनी तो साबणानं धुतला, मग दगडानं घासला. कातडं सोलून रक्त आलं, अंगठा तसाच.

ठसा ताडून बघायला त्यांनी राजीनाम्यांची फाईल उघडली. रतनसिंगच्या कागदावर अंगठ्याची जागा कोरी होती. खालच्या कागदावरचा अंगठा डोळ्यांदेखत पुसट होत गेला आणि त्यांच्या गळ्यात काहीतरी रुतलं. त्याच्या खालचा कोरा झाला तसा श्वास घरघरला. अजून दहा कागद होते.

पुंजाजीला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

तेवढ्यात आवाज आला. अगदी कानाशी, त्यांचाच, खेकसणारा.

"दाब. नीट दाब."