सक्तीचा विषय

देवाजीने त्या माणसाची कॉलर धरली, तशी त्याच्या कडेवरची पोरगी जोरात रडायला लागली.

बपेऱ्याच्या बसथांब्यावर बघता बघता अर्धं गाव गोळा झालं. आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता, लेकरं पळवणारी टोळी नदीपलीकडून आली आहे म्हणून. आणि हा माणूस अनोळखी, मध्य प्रदेशाकडून आलेला. नाव विचारलं तर नुसता बघत राहिला. पोरगी कोणाची विचारलं तरी तोंडातून अक्षर नाही. वर बोटं हलवून कुणाला तरी खुणा करत होता. म्हणजे टोळीतले बाकीचे जवळच असणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. एकाने काठी उचलली. दुसऱ्याने शूटिंग सुरू केलं. पोलिसांना फोन करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

अमर तुमसरहून कॉलेज आटोपून बसमधून उतरला तो या गर्दीतच. बस पुढे काढायला ड्रायव्हरने कचकचून हॉर्न दाबला. सगळे दचकून बाजूला झाले. तो माणूस तेवढा वळलाही नाही. अमरने त्याच्या बोटांकडे नीट बघितलं आणि त्या खुणा त्याला ओळखीच्या वाटल्या.

अमर बी.एस्सी.ला, केमिस्ट्रीवाला. पण आता शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो. बाकी विषयांच्या जागा भरल्या आणि याच्या वाट्याला आली मूकबधिरांची सांकेतिक भाषा. मित्रांनी टर उडवली. हातवारे शिकून कोणती नोकरी लागते, असं वडिलांनी विचारलं, आणि ते त्यालाही पटलं. निम्मे तास त्याने कॅन्टीनमध्ये काढले. त्या चहाचा आता त्याला मनापासून पस्तावा झाला.

त्याने गर्दीत घुसून देवाजीचा हात धरला. "थांबा काका. याले आयकू येत नाही. मी विचारतो."

"विचार. पन खोटं निंगालं तर तुले बी सोडत नाही."

अमर त्या माणसासमोर उभा राहिला. पूर्ण वाक्य काही जमेना. आठवल्या त्या दोनच खुणा त्याने केल्या. लेकरू. कोणाचं?

माणसाचा चेहरा एकदम उजळला. त्याने स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला. पोरीने हुंदका गिळला आणि आपला इवला तळवा त्याच्या तळव्याशेजारी टेकवला.

तरी काठी खाली आली नाही. माणसाने भोवतालच्या एकेका चेहऱ्याकडे बघितलं. मग अमरकडे वळून त्याने हात हलवले, सावकाश, नवशिक्याला कळेल अशा बेताने. अमरला सगळं कळलं.

"काय म्हनते तो?" देवाजीने विचारलं.

"तो विचारून राहिला, काका," अमर म्हणाला, "तुमचं कोणाचं लेकरू हरवलं काय? मी बी शोधाले येतो, म्हनते."