तोंडी परीक्षेचा सोमवार

“नाव काय तुमचं?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मितेशने हात जोडले. मग खडू उचलला आणि फळ्यावर आपलं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, ‘आज श्रावणी सोमवार. मौन आहे.’

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फळ्यावरचं काही बदललं नव्हतं.

“अहो, ही तोंडी परीक्षा आहे!”

शेजारी कॉलेजचे विश्राम सर बसले होते. ते हळूच म्हणाले, “सर, घ्या चालवून. हा दोनदा नापास झालाय तो बोलूनच.”

खोटं नव्हतं ते. पॉवर सिस्टीम ॲनालिसिसच्या तोंडीत मितेशला दोनदा केटी लागली होती. पहिल्या खेपेला, तार तुटून जमिनीला टेकली तर काय होतं, एवढंच विचारलं होतं. त्याने माकुणसारच्या आपल्या वाडीतल्या पंपापासून सुरुवात केली. पंपावरून गाडी मामाच्या म्हशीवर गेली आणि म्हशीपाशी वेळ संपली. दुसऱ्या खेपेला उत्तर अगदी हाताशी आलं होतं, पण बोलण्याच्या नादात शेवटचा गुणाकार राहून गेला. आता ही तिसरी खेप. तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी ठरली होती. एक तारखेच्या आत पास झाल्याचा कागद दाखवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला.

म्हणून शनिवारी आई, जयवंती, म्हणाली होती, “या सोमवारी माज्याबरोबर तूपण उपास धर. सांजेला सोडू. आणि मौन पाळायचं हाय बरं का, इसरू नको.”

सोमवारी सकाळी मितेश निघाला तेव्हा ती पूजेला बसलेली होती. ओठ नुसते हलत होते. तो काही न बोलता पाया पडला, तिने काही न बोलता डोक्यावर हात ठेवला. घरापासून बोईसरच्या कॉलेजपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. रिक्षावाल्याला मोबाईलवर कॉलेजचं नाव दाखवलं. त्या भल्या माणसाला वाटलं, पोराला ऐकू येत नाही. उतरल्यावर त्याने मितेशला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला आणि कानाशी ओरडला, “सँभल के जाना, भाई!”

“बरं,” परीक्षक म्हणाले. “एक तार जमिनीला टेकली. जमिनीत जाणारा फॉल्ट करंट काढा.” आणि त्यांनी तीन आकडे सांगितले.

मितेशने तीन चौकोन काढले, साखळीसारखे एकापुढे एक जोडले. आकड्यांची बेरीज केली, अर्धा आली. एकाला अर्ध्याने भागलं. दोन. गेल्या खेपेला तो इथेच थांबून बोलायला लागला होता. आज बोलायचं नव्हतं, त्यामुळे नजर फळ्यावरच राहिली. त्याने दोनाला तीनने गुणलं आणि सहाभोवती गोल केला.

विश्राम सर खुर्चीत पुढे सरकले.

“आणि जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच नसेल तर?”

मितेशने तिसऱ्या चौकोनातली जमिनीला जोडणारी रेघ बोटाने पुसली आणि सहा खोडून शून्य लिहिलं.

“का?”

आता आली पंचाईत. मितेशने देवाचं नाव घेतलं, तेही मनातल्या मनात. मग आपलं बोट तारेवर ठेवलं आणि करंट होऊन निघाला. जमिनीत शिरला, चालत चालत पुसलेल्या रेघेपाशी आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. परतायला वाट नाही. त्याने दोन्ही हात पसरले, खांदे पाडले आणि गरिबासारखा उभा राहिला.

परीक्षक हसता हसता मागे टेकले. “सकाळपासून नऊ जणांनी माझं डोकं उठवलं. हा पहिला, ज्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. पास! आता तरी थँक्यू म्हणा की.”

मितेशने हात जोडले.

संध्याकाळी दिवा लागला, नैवेद्य झाला, केळीची पानं मांडली. सोमवारी दुपारीच जेवून संध्याकाळी उंडारायला जायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा नेम. आईवडिलांबरोबर उपास सोडायला तो पहिल्यांदाच बसत होता. पहिला घास पोटात गेला, उपास सुटला, आणि दिवसभर अडवून धरलेलं धरणच फुटलं.

“आई, पास झालो! तोंडातून एक शब्द नाय काढला, तरी पास! नाव पण लिहूनच सांगितलं...” मग रिक्षावाला, चष्मा, तीन चौकोन. करंट कसा अडला ते त्याने वालाच्या बिरड्यातून बोट फिरवून दाखवलं. वडील, दिनानाथ, पानातून मान वर करत नव्हते. आईचे डोळे भरून आले. पण ती हातवारेही करत होती. भुवया उडवत होती, ओठांवर बोट ठेवत होती. मितेशला वाटलं, आनंदाने हिचा कंठ दाटलाय. त्याने खीर वाढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

जयवंतीने शेवटचा घास संपवला. उठली. हात धुतला, चूळ भरली, देवापुढे जाऊन दोनदा कान पकडले. मग वळली.

“अरे मेल्या, मौन जेवताना पाळायचं असतं!”