चौदा पुंगळ्या

"दहा, अकरा, बारा..." वेंडलने ओठ मिटून घेतले आणि पुढचं मनात मोजलं. शेजारच्या टेबलावर ऑरिनचा पत्र्याचा डबा होता. त्यात काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या चौदा.

स्पर्धेत प्रत्येकाला गोळ्या असतात दहा.

गेल्या शनिवारी तेरा होत्या. तेव्हा वाटलं होतं, आपणच मोजायला चुकलो. पण आता चुकायचं काय? दोघांच्याही रायफली आजोबांच्या काळातल्या, बावीस बोअरच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या. बार काढायचा, पुंगळी डब्यात टाकायची, नवं काडतूस भरायचं. जितक्या पुंगळ्या, तितके बार.

आणि हा लबाड म्हणजे त्याचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त!

"भूत बघितल्यासारखा काय बघतोस रे?" ऑरिन थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाला. "झाले ना तुझे दहा? मग बस. तुझा गुडघा धड नाही. दोघांचे निशाण्याचे कागद मी आणतो."

वर्षभर हेच चाललं होतं. कागद आणायला हाच धावायचा. आणि वेंडलचे बार संपले तरी याचे ठो ठो चालूच. नक्कीच दुसरा कागद लपवून ठेवत असणार आणि त्यातला बरा तेवढा दाखवत असणार! एवढं करून दर वेळी हरायचा, तेही मुद्दामच, संशय येऊ नये म्हणून. आज शरद चषक होता. आज हात मारायचा बेत दिसत होता.

वेंडलला नुसत्या चषकाची पडलेली नव्हती. डोळे अधू होत चाललेत असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून लेक जोआन मागे लागली होती. शेवटी त्याने सगळ्या क्लबासमोर तिला शब्द दिला होता, "ज्या दिवशी माझी एक तरी गोळी कागद सोडून जाईल, त्या दिवशी अकराच्या अकरा रायफली विकीन आणि तुझ्याकडे पिट्सबर्गला येऊन राहीन." ती आजही मागच्या बाकावर बसली होती. चषक तिच्या हातात ठेवून तिचं तोंड बंद करायचं होतं.

गोळीबार थांबला. कागद आणायला पुढे जायची खूण म्हणून लाल झेंडा वर गेला.

"लॉइस!" त्याने क्लबच्या चिटणीस बाईंना हाक मारली. "आज कागद तू आण. कागद ठोकलेल्या लाकडी चौकटीसकट आण. जोआन, तूही जा हिच्याबरोबर. ऑरिनच्या चौकटीमागे नीट बघा."

"अरे, सकाळीच कोऱ्या चौकटी ठोकल्यात मी," लॉइस करवादली. "मागे काय असणार, डोंबल?"

ऑरिनने कॉफी बाजूला ठेवली. "वेंडल, नको. ऐक माझं. मी लबाडी केली, झालं? चषक तू घे, आपण घरी जाऊ."

"आता कसा नरम पडलास! चाळीस वर्षं माझ्या घरी जेवलास लेका, आणि हे?"

ऑरिन खाली मान घालून बसला. वेंडलला त्याची दयासुद्धा आली नाही.

दोघी परतल्या. ऑरिनच्या कागदावर भोकं दहा. मागे दुसरा कागद नाही, काही नाही. वेंडलच्या कागदावरही दहाच, बरीचशी मधोमध.

"मग याचे चार बार गेले कुठे?" वेंडल ओरडला.

जोआनने बापाची चौकट हलकेच त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याचं बोट धरून कागदाच्या बाहेर, कडेच्या कोऱ्या लाकडावर नेलं. तिथे चार ताजी भोकं होती, त्याच्याच चुकलेल्या गोळ्यांची.