सातचा भोंगा

भोंगा वाजला आणि शिवांजली खाटेखाली गेली.

रोजच्यासारखीच गेली. हातातली वाटी खाली ठेवली, टाचा उंचावून दिवा मालवला आणि पोटावर सरपटत आत. सहा वर्षांची पोर, पण हालचाल कवायतीतल्या जवानाची. हंबीरराव दारात उभे राहून नातीकडं बघत होते.

आता हा भोंगा काही लढाईचा नव्हे. गावचाच, भैरोबाच्या देवळावर बसवलेला. संध्याकाळी सातला मिनिटभर वाजायचा, की घराघरातले टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरांनी पुस्तकं काढायची. साडेआठपर्यंत गाव चिडीचूप. आणि हा आणला कुणी? तर हंबीररावांनीच. पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला माणूस, शिस्तीशिवाय घास उतरायचा नाही. भावकीचे टोमणे खाऊन त्यांनी तो बसवला होता. पाहुणा आला की त्याला सातच्या आधी ओट्यावर नेऊन बसवायचे आणि मिशीत हसत भोंगा ऐकवायचे.

पण शिवांजली आली होती सरहद्दीवरून. बाप जयराज तिथं तोफखान्यात. तिकडं रोज भोंगे वाजायला लागले, रात्रीचं आभाळात काय काय उडायला लागलं, तेव्हा त्यानं बायकोपोरीला रेल्वेत बसवून गावाकडं धाडलं. त्या पोचल्या त्या दिवशी त्याचा एक फोन आला. त्यानंतर आलाच नाही.

घरात दिवसभर टीव्ही. कुठला देश कुणाच्या बाजूनं, कुणी कुणाला विमानं दिली, कालचा दोस्त आज कुणाच्या मांडीला मांडी लावून बसला, त्याचे रंगीत नकाशे. सरपंच भाऊसो धीर द्यायला म्हणून यायचा आणि नवीनच काहीतरी सांगून जायचा.

"रशिया आपल्याकडनं हाय म्हणत्यात, आबा."

"म्हणंनात का," जयराजची आई अंबूबाई आतून म्हणाल्या. "ज्या देशांची नावंबी माझ्या तोंडात बसत न्हाईत, त्यांनी माझ्या पोराचं ठरवायचं व्हय?"

 हंबीररावांना भीती वाटत होती, आणि हवालदाराला भीती वाटते हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. फोन मात्र ते बंडीच्या खिशात चालू ठेवायचे, सातनंतरसुद्धा. ज्यानं नियम केला त्यानंच तो मोडला होता.

आणि ही पोर. साडेसहा झाले की पाठीमागं लागायची. "आजोबा, सात वाजले?" पुन्हा थोड्या वेळानं, "आता वाजले?" खाटेखाली डोळे गच्च मिटून ओठ हलवत पडायची. भोंगा थांबला की बाहेर यायची आणि मुकाट्यानं भाकरी खायची, पोटभर.

"भ्या सरलं की भूक लागतीया बगा," अंबूबाई म्हणायच्या. "लेकराच्या जिवाला घोर लागलाय."

त्या दिवशी सूनबाई रेश्मा चुलीपाशी रडली. "मामंजी, तेवढा भोंगा..." एवढंच म्हणाली.

सकाळीच हंबीरराव भाऊसोच्या दारात.

"लढाई मिटंस्तवर भोंगा बंद ठेव रं. पोरगी भितीया."

"आवं आबा, तुमीच आणलासा, आन् आता तुमीच बंद करायला सांगताय?"

"व्हय. मीच सांगतोय."

गावानं ऐकलं. फौजींचंच गाव ते, चार घरांआड एकजण तिकडं होता. लोक म्हणाले, भोंगा नसला तर नसला, टीव्ही आम्ही आपल्या मनानं बंद करू.

आणि केले. सात वाजले, देवळावर सगळं शांत, आणि एकेका घरातला बातम्यांचा आवाज आपोआप थांबत गेला.  रेश्मानं ताट वाढलं.

शिवांजली ताटाला शिवली नाही. घड्याळाखाली उभी राहून काट्याकडं बघत राहिली. मग उंबऱ्यात गेली, देवळाच्या दिशेला कान लावून थांबली. परत आली ती आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, भोंगा का नाही वाजला?"

"आता न्हाई वाजायचा, बाळा. आता भ्यायचं न्हाई."

"मी कुठं भिते?" ती म्हणाली. "पप्पांनी गाडीत बसवताना कानात सांगितलंय. भोंगा मीच वाजवतो. तो वाजला की खाटेखाली जायचं आणि समजायचं, पप्पा ड्यूटीवर आहेत. इथंपण रोज वाजवायचे ते." तिनं आजोबांचं बोट धरलं. "मग आज पप्पा कुठं गेले?"

रेश्माच्या हातातली पळी तशीच राहिली. हंबीररावांचा हात बंडीच्या खिशावर गेला. फोन गप्प होता.

ते उठले ते अनवाणीच. देवळात जाऊन त्यांनी बटण दाबलं. भोंगा उठला आणि सगळ्या शिवारावर पसरला. मिनिट झालं तरी थांबला नाही. दारादारात माणसं येऊन उभी राहिली. भाऊसो धावतच देवळात शिरला. बटणावर दोन्ही हात दाबून म्हातारा उभा होता, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते.

"आबा, सोडा आता. पोरीनं ऐकला आसंल की."

"सोडू कसा, भाऊसो?" हंबीरराव म्हणाले. "जयराज ड्यूटीवर हाय."