शेजारच्या कॉटवर

"माझा देह इचलकरंजीत आहे, मॅडम. वडिलांच्या शेजारच्याच कॉटवर," हेरंब व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंना म्हणाला. "मला फक्त तिथं जागं व्हायचंय."

परदेशी नोकरीला जाणारे आता देह घरीच ठेवत आणि मन तिकडच्या यंत्रमानवात घालत. हेरंबने तर तिकडचा कायमचा रहिवास घेतला होता. त्यामुळे स्वतःच्या देहात परतायलाही त्याला व्हिसा लागत होता.

"अर्ज पुढे पाठवलाय. थांबावं लागेल," बाई म्हणाल्या.

"अण्णा थांबायचे नाहीत हो."

तेवढ्यात त्याच्या धातूच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर आई होती. मागे अण्णांची घरघर ऐकू येत होती.

"शेवटचं पाणी लेकाच्या हातचं हवं," ती म्हणाली. "येतोयस ना रे?"

हेरंबने फोनचा पडदा खिडकीतल्या बाईंकडे वळवला; त्यांनी नकारार्थी मान हलवली.

आईने फोन उशाशी टेकवला. शेजारच्या कॉटवरच्या हेरंबचा निपचित हात उचलून तिने बोटांत चमचा धरवला आणि अण्णांच्या ओठांत पाणी सोडलं. अण्णांनी तो उबदार हात चाचपला.

"आलास?"

"आलाय," आई म्हणाली, आणि तिकडून हेरंबचा आवाज येण्याआधी तिने फोन बंद केला.